पिकअप घेतली थोरल्यासाठी, चालवली दुसऱ्यानेच

2023 च्या मे महिन्यात आमच्याकडे लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला होता. त्याच वर्षी जुलैत पिंपळगाव बसवंतला कॅरेट दोन हजारांच्या पुढे गेलं. आमचा अर्धा एकर एप्रिलच्या उन्हात कसाबसा जगवलेला, तो नेमका त्या भावात सापडला. शहाणपण काही नाही, नशीब. पण पैसे हातात आले आणि घरात एकच विषय सुरू झाला, पिकअप घ्यायची.

कारण भाड्याच्या गाडीने जीव नको केला होता. कॅरेटमागे भाडं द्यायचं ते द्यायचंच, वर भाव चढला की गाडीवाल्यांचे फोन लागत नाहीत. दोनदा आमचा माल लिलाव संपता संपता पोचला. थोरल्याला फेब्रुवारीत अठरा पूर्ण झाली होती, मेमध्ये पक्कं लायसन्स हातात आलं होतं. कॉलेज सांभाळून माल मीच पोचवतो म्हणाला. त्याआधी मी त्याला शेताबाहेर ट्रॅक्टरसुद्धा काढू दिला नव्हता. गावात पंधरा-सोळाची पोरं ट्रॉली घेऊन हायवे ओलांडतात, पण अल्पवयीन पोराच्या हातून काही झालं तर 2019 च्या दुरुस्तीपासून आईबापाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे मी वाचलेलं होतं. घरातली वाचायची कामं माझ्याकडेच असतात.

नवीन गाडी नऊ लाखांच्या पुढे जात होती. शिवाय पोराची पहिली गाडी कुठेतरी खांबाला लागणारच, ती जुनी असलेली बरी, हे माझं मत. यांचंही तेच, फक्त यांनी ते पोरासमोर बोलून दाखवलं नाही. पाच लाखांच्या आत, 2017-18 ची बोलेरो पिकअप शोधायची ठरली. याच गाडीचं कारण साधं, आमच्या गावातला फिटर ती डोळे मिटून खोलतो.

या फिटरला सगळे मामा म्हणतात. गाडी बघायला सोबत न्यायचे त्यांनी हजार रुपये घेतले आणि एक अट घातली. आपण पोचायच्या आत मालकाने इंजिन चालू करायचं नाही.

पहिली गाडी पिंपळगावातच एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे होती. पॉलिश मारलेली, सीटवर नवं कव्हर, मीटरला 78,000 किलोमीटर. मामांनी बॉनेटवर हात ठेवला. गरम. सकाळचे साडेआठ. "कोणाला फिरायला घेऊन गेला होता का?" असं विचारून ते केबिनमध्ये शिरले आणि थोरल्याला म्हणाले, "पायाखाली बघ." ब्रेकच्या पेडलचं रबर एका बाजूने पार झिजून गुळगुळीत झालेलं. क्लचचं कोरं करकरीत, म्हणजे नुकतंच बदललेलं. मी उन्हाची पट्टी खाली ओढली तर मागे ऑइल बदलल्याची एक चिठ्ठी खोचलेली होती. गॅरेजचा शिक्का आणि खाली बॉलपेनने लिहिलेलं, पुढचं ऑइल 1,42,000. ती चिठ्ठी मी व्यापाऱ्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि चहा सांगितला. चहा आम्ही प्यालो, म्हणजे नाही म्हणवलं नाही.

दुसरी संगमनेरला. एमएच-17 पासिंगची, म्हणजे दुसऱ्या आरटीओची, त्यात तिथल्या आरटीओच्या एनओसीचा, म्हणजे ना-हरकत दाखल्याचा, वाढीव फेरा होताच. पण गोष्ट तिथपर्यंत गेलीच नाही. मामा खाली पोतं टाकून गाडीखाली सरकले आणि दोन मिनिटांत त्यांनी थोरल्याला खाली बोलावलं. मीही वाकून पाहिलं. चेसिसवर सगळीकडे धूळ आणि मातीचा थर, पण मागच्या कमान पाट्यांच्या हँगरजवळ वीतभर जागा काळीभोर चमकत होती. मामांनी नखाने रंग खरवडला तर खाली वेल्डिंगची जाड, ओबडधोबड शिवण. तिथे चेसिस तडकलेली होती. कागदावर 1.3 टन असलेल्या गाडीत अडीच टन भरलं की असंच होतं. आपल्याकडे पिकअपची ताकद पाट्यांवरून मोजतात. चार पाटे जास्त टाकले म्हणजे गाडी दमदार झाली, असं समजतात. चेसिसला कोणी विचारत नाही.

परतीच्या वाटेवर थोरला गप्प होता. त्याला ती गाडी आवडली होती. तिच्या मागच्या फाळक्यावर वाघ काढलेला होता.

तिसरी चांदवडकडची, थेट मालकाकडून. 2018 ची, एमएच-15, एकाच हातातली, कांदा आणि भाजीपाला वाहिलेली. दिसायला अगदी सामान्य. डाव्या दारावर खरचटलेलं, हौद्याच्या तळाला दोन ठिकाणी गंज. पण बॉनेट थंड होतं. मामांनी ऑइलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवलं आणि सेल्फ मारायला सांगितला. झाकण जरासं थरथरलं, उडालं नाही, खालून धूरही आला नाही. बॅक कॉम्प्रेशन नाही, म्हणजे इंजिनातला दाब उलटा वर येत नाही, इंजिन अजून उघडायची गरज नाही. मग यांना शेजारी बसवून त्यांनी घाटाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दाबली. मी आणि थोरला मागे हौद्यात. क्लच सटकला असता तर आवाज वाढला असता आणि गाडी रेंगाळली असती. तसं झालं नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढचे दोन्ही 1422 होते, म्हणजे 2022 च्या चौदाव्या आठवड्यातले. मागचे दोन रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले. रिमोल्ड टायर, हौद्याचा पत्रा आणि एक गळकं ऑइल सील, एवढं धरून मामांनी पस्तीस हजारांचा खर्च सांगितला.

मालक साडेपाच म्हणत होता. बोलणी दीड तास चालली, मध्ये एकदा आम्ही उठून गाडीपर्यंत जाऊनही आलो. 4 लाख 85 हजारांवर तुटलं. पंचवीस हजार इसार, कागदावर लिहून, दोघांच्या सह्या.

इथून पुढे मामांचं काम संपलं आणि माझं सुरू झालं.

रात्री मी एमपरिवाहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला. पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, पुढच्या जूनपर्यंत, पीयूसी संपलेली, ई-चलान दोन, मिळून पंधराशेचे. आणि खाली फायनान्सच्या रकान्यात कंपनीचं नाव तसंच. मालक म्हणाला होता कर्ज कधीच फिटलंय. फिटलं होतंही. त्याच्याकडे फायनान्स कंपनीची एनओसी होती, पण तिच्यावर तीन महिन्यांची मुदत छापलेली आणि ती उलटून वर्ष झालेलं. हप्ते फिटले की लोकांना वाटतं गाडी मोकळी झाली. आरसीवरचा, म्हणजे नोंदणीपत्रावरचा, कर्जाचा बोजा आपोआप उतरत नाही, फॉर्म 35 आणि चालू मुदतीची एनओसी आरटीओत गेल्याशिवाय तो तिथेच राहतो. आणि बोजा असताना गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

त्याने नवी एनओसी मागितली. फायनान्सवाल्यांची जुनी शाखा बंद झालेली, नवीन कुठे ते फोनवर कोणी सांगेना. तीन आठवडे गेले. मध्ये दसरा आला. यांचं म्हणणं, पैसे देऊन टाकू, गाडी घरी आणू, पूजा करू, कागद होतील सावकाश. मालक भला माणूस आहे.

मी म्हटलं, भला आहे म्हणूनच नको. गाडी आपल्या दारात, नाव त्याचं, उद्या काही झालं तर नोटीस त्या भल्या माणसाला जाईल.

दोन दिवस घरात बोलणं बंद. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा झाली. थोरल्याने मुद्दाम दोन हार आणले होते. दुसरा त्याने मोटारसायकलला घातला.

दिवाळीच्या आधी एनओसी आली. बोजा उतरला. मग गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलने घासून काढलेली प्रिंट, दोघांची आधार कार्डं, विम्याची प्रत, पीयूसी नवीन. ऑनलाइन अर्ज भरताना ओटीपी काही येईना. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर गाडी नवीन घेताना कोणत्या तरी एजंटने स्वतःचा टाकून ठेवला होता. तो आधी बदलून घेतला, त्यात आणखी चार दिवस. बाकीची रक्कम मी बँकेतून आरटीजीएसने दिली, सह्या झाल्या त्याच दिवशी, त्याच टेबलावर. गाडी माझ्या नावावर घेतली. का, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा लटकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सूट, आपल्याला मिळत नाही, तो फरक भरला. पावती फाडता फाडता विमा एजंटने सहज विचारलं, "ताई, चालवणार कोण?"

"मुलगा."

"लायसन्स?"

"आहे की. एलएमव्ही." म्हणजे हलक्या गाडीचं. 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून छोट्या मालगाडीला वेगळा बॅज लागत नाही, हे आमच्या गावात लहान पोरालाही माहीत आहे.

"वय?"

मी अभिमानाने सांगितलं, अठरा पूर्ण, एकोणिसावं चालू. त्याने पेन खाली ठेवलं. "पिवळी पाटी आहे ताई. ट्रान्सपोर्टच्या गाडीला वीस पूर्ण लागतात."

घरी येऊन मी कायदा उघडला. मोटार वाहन कायदा 1988, कलम 4. पहिल्या पोटकलमात अठरा वर्षं, तेवढं मला तोंडपाठ होतं. त्याच्याच खाली दुसरं पोटकलम, मालवाहू-प्रवासी वाहतुकीच्या गाडीला वीस. दोन ओळींचं. फायनान्स, पासिंग, चलान, टायरचे आठवडे, सगळं मी तपासलं होतं. ज्याच्यासाठी गाडी घेतली त्याचं वय तेवढं तपासलं नव्हतं.

थोरल्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. त्याला वाटलं, मी त्याला गाडी द्यायला घाबरते आणि काहीतरी शोधून काढलंय. पान दाखवलं. मग म्हणाला, "गावात कोण बघतंय मम्मी?" खरं तर कोणीच नाही. पण अपघात झाला की सगळेच बघतात, आणि विमावाले सर्वात आधी जन्मतारीख बघतात.

शेवटी माझ्या चुलतभावाला सहाशे रुपये हजेरीवर ठेवलं. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, बोलायला कमी. थोरला शेजारी बसायचा, कॅरेट उतरवायचा, विक्रीच्या हिशेबाची पट्टी घ्यायचा. पहिला महिना तोंड फुगवून गेला. नंतर रात्री जेवताना बोलायला लागला. पावसात रिकामी पिकअप भरलेल्या गाडीपेक्षा जास्त घसरते, मागे वजन नसतं म्हणून. राहूड घाटात उतारावर मामा, म्हणजे माझा हा चुलतभाऊ, ब्रेक दाबून धरत नाही, गिअर कमी करतो. साठ कॅरेटच्या वर माल मामा भरूच देत नाही. वीस किलो माल, वर दीडेक किलो कॅरेटचं, साठाचेच तेराशे किलो होतात. शेजारच्या गाड्या शंभर भरून जातात. त्यावरून यांची आणि भावाची एकदा चांगलीच जुंपली. भाव पडलेला असताना दोन फेऱ्या परवडत नाहीत, हे यांचंही खोटं नव्हतं.

2024 च्या जूनमध्ये पासिंग आलं. रेडियमच्या पट्ट्या, स्पीड गव्हर्नरचं सर्टिफिकेट, लाइट, सगळं थोरल्यानेच जमवलं, मी फक्त फाइल दिली. नोव्हेंबरात तो मोबाइल नाचवत आला. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला एलएमव्ही लायसन्स चालतं, यावर 6 तारखेला शिक्कामोर्तब केलं होतं. "आता तर झालं ना?" मी म्हटलं, तीन महिने राहिलेत. एवढं थांबलास, तेवढंही थांब.

फेब्रुवारी 2025. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी हौद्यात लाल कांदा भरलेला, पिंपळगावला जायचं. भावाने चावी त्याच्या हातात दिली आणि स्वतः दुसऱ्या दाराने चढला. थोरल्याने सीट पुढे घेतली, आरसा बसवला, पुन्हा बसवला. यांनी नारळ फोडला. गाडी निघाली, वेशीपर्यंत गेली आणि दहा मिनिटांत रिव्हर्समध्ये अंगणात परत आली.

लायसन्स कालच्या पँटच्या खिशात राहिलं होतं. पँट मी सकाळीच बादलीत भिजत घातलेली.