एप्रिलात फुलं, सप्टेंबरात हरिसा

सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना १७ जानेवारीचं अभिवादन आणि १ नोव्हेंबरचा काळा दिवस पाहत मोठं झालेल्या बेळगाव सीमाभागातल्या माणसाला आर्मेनियन लोकांचा २४ एप्रिल हा स्मरणदिन लगेच ओळखीचा वाटतो. ‘आपल्यासारखंच’ म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो, तो आवरावा. आपलं भांडण हद्दीचं आणि भाषेचं. तिथं अख्खा समाजच त्याच्या गावांतून उपटून टाकला गेला.

२४ एप्रिल १९१५ रोजी तेव्हाच्या तुर्की साम्राज्याच्या, म्हणजे ऑटोमन सरकारनं आजच्या इस्तंबूलमध्ये दोनशेहून अधिक आर्मेनियन लेखक, वकील, डॉक्टर, धर्मगुरू उचलले. पुढाऱ्यांना आधी उचललं, कारण मग गावांना सावध करणारं कोणी उरत नाही. त्यानंतर पुरुषांची कत्तल झाली आणि बायका-पोरांचे तांडे सीरियातल्या देर एझ-झोरच्या वाळवंटाकडे चालवत नेले. मृतांचा अंदाज साधारण १० ते १५ लाखांचा. माणसं मेली हे तुर्कस्तान मान्य करतं, पण तो वंशसंहार नव्हता, युद्धकाळातलं स्थलांतर होतं, असं सांगतं.

आजचा संताप आहे तो या सांगण्यावर. पणजोबांच्या मरणाचं दुःख चौथ्या पिढीत निवलं असतं; ‘तसं घडलंच नाही’ हे दरवर्षी नव्यानं ऐकावं लागतं, म्हणून ते निवत नाही. उरुग्वेनं १९६५ साली, जर्मनीच्या संसदेनं २०१६ साली, अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०२१ साली वंशसंहार हा शब्द मान्य केला. एवढ्या लांबच्या ठरावांनी काय मिळतं, असं आपल्याला वाटतं. सीमाप्रश्नावरच्या महाजन अहवालातल्या एकेका ओळीवर पन्नास वर्षं वाद घालणाऱ्यांनी तरी ते विचारू नये!

मात्र ‘तुर्क म्हटला की वैरी’ हे समीकरणही कच्चं आहे. इस्तंबूलचे आर्मेनियन संपादक ह्रांत दिंक यांच्यावर ‘तुर्कत्वाचा अपमान’ केल्याबद्दल खटला चालला आणि जानेवारी २००७ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या अंत्ययात्रेत हजारो तुर्क ‘आम्ही सगळे आर्मेनियन’ अशा घोषणा देत चालले होते.

आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये, २४ एप्रिलला लोक त्सित्सेर्नाकाबेर्दच्या टेकडीवर जातात. १९६५ साली सोव्हिएत राजवटीतच लोक रस्त्यावर उतरले, त्यातून १९६७ साली हे स्मारक उभं राहिलं. शंभर मीटर लांब भिंत, ४४ मीटरचा सुळका आणि आत झुकलेल्या बारा दगडी शिळांचं कडं. मधली ज्योत खोलगट जागेत आहे. तिथं उतरणाऱ्या पायऱ्या अशा काढल्यात की पावलांकडे बघावंच लागतं, मान आपोआप खाली जाते. दिवसभरात ज्योतीभोवती फुलांची उंच भिंतच रचली जाते. पुढं ती फुलं गोळा करून पाकळ्यांचा कागद आणि देठांचं खत करतात.

मतभेद खरा आहे तो आर्मेनियनांच्या आपसातला. आर्मेनियात सुमारे ३० लाख लोक, बाहेर त्याहून जास्त. बैरूत, मार्सेय, लॉस एंजेलिसकडचे बरेचसे वाचलेल्यांचे वंशज. त्यांचं मूळ गाव आज तुर्कस्तानात आहे. त्यांना कबुली हवी, काहींना भरपाई आणि जमीनही. येरेवानच्या व्यापाऱ्याला १९९३ पासून बंद असलेली तुर्की सीमा उघडायला हवी आहे. त्यात सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजाननं ताब्यात घेतलेल्या नागोर्नो-काराबाखमधून लाखावर आर्मेनियन काही दिवसांत घरदार सोडून आले आणि १९१५ पुन्हा तोंडी आलं. पंतप्रधान पाशिन्यान म्हणतात, आहे त्या २९,७४३ चौरस किलोमीटरचा देश आधी टिकवू. परदेशातल्या अनेकांना हे ऐकवत नाही. पुण्या-मुंबईत सीमाप्रश्नावर गरजणं वेगळं आणि बेळगावात रोज कानडी अर्ज भरणं वेगळं, हे जाणणाऱ्याला त्यांच्यातला हा ताण समजावून सांगावा लागत नाही.

सगळी आठवण रडकी मात्र नाही. भूमध्य समुद्राकाठच्या मुसा दाग डोंगरावरच्या आर्मेनियन गावांनी १९१५ मध्ये हत्यार उचललं आणि चार हजारांवर माणसं फ्रेंच युद्धनौकांनी वाचवली. १९३९ साली तो भाग तुर्कस्तानात गेला, तेव्हा युद्धानंतर गावी परतलेल्यांपैकी बहुतेकांनी लेबनॉनमधलं अंजार गाठलं. वाकिफ्ली हे एक गाव तेवढं मागं राहिलं. त्या लढ्याच्या आठवणीसाठी दर सप्टेंबरात ढोल आणि सनईसारख्या झुर्ण्याच्या गजरात रात्रभर गहू-मटणाचा हरिसा शिजतो.

हरिसा घरी करता येतो. हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला, घेतो तोच कांडून साल काढलेला गहू रात्री भिजवा. हाडासकट मटण वजनाला वजन घ्या, बुडून वर चार बोटं राहील एवढं पाणी घाला आणि उकळी आली की वरचा फेस काढून टाका. मटण सुटलं की हाडं वेचून काढा, गहू घाला आणि आच अगदी मंद करा. पाच-सहा तास लागतात. आटलं तर गरमच पाणी घाला. शेवटच्या दोन तासांत गहू तळाला धरतो. तेव्हा ढवळणं सोडलं की करपल्याचा वास सगळ्या पातेल्याला लागतो आणि मग काही करता येत नाही. मीठ शेवटी घाला, कारण आटत आटत ते वाढतं. लाकडी डावानं घोटून मटणाचे धागे गव्हात मिसळले की झालं. वरून लोणी घाला. मसाला घालायचा नाही, आपला हात कितीही शिवशिवला तरी.