समुद्रतळाची राख, सोलापूरची लॅब: माझा आर्गॉन-आर्गॉनचा अनुभव

"आर्गॉन-आर्गॉन करतेस म्हणजे मुंबईच्या मशीनवर बसत असशील ना?" असं मला बरेच जण विचारतात. आर्गॉन-आर्गॉन म्हणजे साठलेला आर्गॉन वायू मोजून खडकाचं किंवा ज्वालामुखीच्या राखेचं वय काढायची पद्धत, आणि मशीन म्हणजे तो वायू मोजणारं यंत्र. मशीनवर बसले, पण अगदी शेवटी आणि थोडाच वेळ. त्याआधीचं बहुतेक काम सोलापुरात झालं. राखेचं वय खरं तर या आधीच्या कामातच ठरतं, असं माझं ठाम मत झालंय. एम.एस्सी. जिऑलॉजी केलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना हा विषय आपल्या आवाक्यातला वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नमुना सरांच्या ओळखीतून आला होता. बंगालच्या उपसागरातल्या खोल गाळाचा छोटा तुकडा, झिपच्या पिशवीत. पांढुरक्या चिखलात राखाडी पट्टा, बोटांत घेतला तर पिठासारखा, पण दाताखाली करकरणारा. ही सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची राख. आज तिथे सुमारे १०० किलोमीटर लांबीचं सरोवर आहे, ते या ज्वालामुखीचंच खचलेलं तोंड. त्याचा शेवटचा महास्फोट साधारण ७४-७५ हजार वर्षांपूर्वी झाला आणि त्याची राख बंगालचा उपसागर, आपला देश, अरबी समुद्र अशी सगळीकडे पडली. पण टोबा त्याआधीही फुटला होता, त्यातला एक मोठा स्फोट सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीचा. त्यामुळे "टोबाची राख" एवढं म्हणून भागत नाही, कुठल्या स्फोटाची ते सांगावं लागतं.

जमिनीवर राख मिळत असताना समुद्रातली कशाला, हा प्रश्न मीही विचारला होता. जमिनीवर पडलेली राख पाऊस वाहून नेतो, नदी ती उचलून दुसरीकडे टाकते आणि वाटेत बाकीची माती मिसळते. खोल समुद्रात राख शांतपणे तळाशी बसते. तिच्या वर-खाली फोरामिनिफेरा या सूक्ष्मजीवांची कवचं साठत राहतात, आणि त्या कवचांत त्या काळच्या हवामानाची नोंद असते. राखेचं वय कळलं की वर-खालच्या गाळालाही तारीख मिळते. हिंदी महासागरात नाइन्टीईस्ट रिज या पाण्याखालच्या डोंगररांगेवर १९८८ साली ७५८ क्रमांकाच्या ठिकाणी सुमारे २९०० मीटर पाण्याखाली ड्रिलिंग झालं. तिथे टोबाच्या राखेचे अनेक थर मिळाले, आणि ८ लाख वर्षांच्या आसपासचा थर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शेवटचं उलटलं त्या खुणेजवळच सापडला. राखेच्या वयावरून त्या उलटापालटीची तारीख पक्की करता येते. हे वाचलं तेव्हा या विषयाने मला खरं धरलं.

पद्धत थोडक्यात अशी. पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी प्रकार अगदी थोडा, ०.०११७ टक्के असतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. मोडणाऱ्या दर १०० अणूंपैकी ११ च्या आसपास अणूंचा आर्गॉन-४० होतो, बाकीच्यांचं कॅल्शियम. लाव्हा तापलेला असताना जुना आर्गॉन निसटून जातो. थंड झाल्यावर स्फटिकात नवा आर्गॉन साठायला लागतो आणि घड्याळ सुरू होतं. आधीच्या पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीत नमुन्याच्या एका भागात पोटॅशियम मोजायचं आणि दुसऱ्या भागात आर्गॉन. आता दाणे अणुभट्टीत ठेवतात. तिथे वेगवान न्यूट्रॉनमुळे पोटॅशियम-३९ चा आर्गॉन-३९ होतो. मग त्याच दाण्यातून बाप (पोटॅशियम) आणि लेक (आर्गॉन) दोघांचाही हिशेब एकाच वायूत मिळतो. मिठाच्या कणाएवढ्या दाण्याचं वय निघतं ते यामुळे.

हा दाणा कशाचा असावा? राखेत मुख्यतः काच असते. पण हजारो वर्षं समुद्राच्या पाण्यात राहून काच पाणी शोषते, तिच्यातलं पोटॅशियम आत-बाहेर होतं, आर्गॉन गळतो. बायोटाइट, म्हणजे काळा अभ्रक, कधीकधी जास्तीचा आर्गॉन धरून बसतो आणि वय फुगतं. सॅनिडिन हा पोटॅशियमवाला फेल्डस्पार (खडकांत नेहमी आढळणारं खनिज) सगळ्यांत भरवशाचा. पण सुमात्रापासून इतक्या लांब वाऱ्याने येणारी राख म्हणजे बहुतेक काचेचे पापुद्रे. सॅनिडिन त्यात शोधून काढावं लागतं.

पहिलं काम धुण्याचं. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर गाळ ओला करून धुवायचा, चिखल खाली जाऊ द्यायचा. याला पाणी लागतं, आणि सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं हे आपण सगळे जाणतो. लॅबमधले मामा सकाळी फोन करायचे, "मॅडम, पाणी आलंय बघा, या लवकर." मग त्या दिवशी फक्त धुलाई. बोअरचं पाणी शेवटच्या धुण्याला अजिबात चालत नाही, कारण पुढच्या पायरीला सोडियम पॉलिटंगस्टेटचं जड द्रावण वापरायचं असतं. कॅल्शियम दिसलं की त्यात पांढरा साका बसतो आणि महागडं द्रावण वाया जातं. आपलं बोअरचं पाणी किती जड असतं ते किटलीच्या तळाला बघून कळतं. म्हणून सुरुवातीचं धुणं नळाच्या पाण्याने आणि शेवटचं डिस्टिल्ड वॉटरने. फोरामची कवचंही कॅल्शियम कार्बोनेटचीच, तीसुद्धा सौम्य आम्लात आधी विरघळवून घ्यायची. फेस यायचा थांबेपर्यंत घाई करायची नाही.

मग चुंबकाने बायोटाइट आणि हॉर्नब्लेंड हे लोह असलेले काळे दाणे काढून टाकले, आणि जड द्रावणाची पाळी आली. द्रावणाची घनता २.६० ठेवली की क्वार्ट्झ आणि प्लॅजिओक्लेज (दुसऱ्या जातीचा फेल्डस्पार) तळाला जातात, सॅनिडिन आणि काच वर तरंगतात. वरचा माल काढून घ्यायचा, द्रावण पातळ करून घनता २.५० वर आणायची. आता काच वर राहते आणि सॅनिडिन बसतं. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. पण हे काम मे महिन्यात आलं. बाहेर पारा ४३ च्या घरात, लॅबमध्ये पंखा लावला तर बारीक दाणे उडतात, बंद केला तर उभं राहवत नाही. द्रावणातलं पाणी नजरेसमोर उडतं आणि घनता हळूहळू चढत जाते. सॅनिडिन आणि क्वार्ट्झ यांच्यात फरक जेमतेम ०.०८ चा. घनता थोडी सरकली की क्वार्ट्झही वर येऊन बसतं. यावर सरांनी सांगितलेला उपाय साधा होता: फनेलचं तोंड झाकून ठेवायचं, ज्याची घनता माहीत आहे असा क्वार्ट्झचा स्वच्छ तुकडा द्रावणात टाकून ठेवायचा, आणि तो हलला की थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालायचं. काम पहाटे उरकायचं. वापरलेलं द्रावण गाळून, पाणी उडवून परत घट्ट करता येतं. त्या कामाला मात्र सोलापूरचं ऊन उत्तम.

दाण्यांना चिकटलेली काच घालवायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागतं, ५ टक्क्यांच्या आसपासचं, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये काही मिनिटं. याबद्दल कळकळीने सांगते: हे आम्ल सौम्य असलं तरी एकट्याने कधी हाताळू नका. ते काच खातं म्हणून भांडं प्लास्टिकचं किंवा टेफ्लॉनचं, काम फक्त फ्यूम हुडमध्ये, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी असल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही. कातडीवर पडल्यावर लगेच आग होतेच असं नाही, आतलं नुकसान आधी सुरू होतं.

आता वेचणी. बायनॉक्युलर मायक्रोस्कोपखाली काळ्या ताटलीत दाणे पसरायचे आणि एकेक बघायचा. सॅनिडिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, पण त्याला सपाट, सरळ तुटलेल्या बाजू असतात आणि त्यांवर उजेड एकदम चमकून जातो. क्वार्ट्झही स्वच्छच, फक्त त्याची मोड वाकडी, शिंपल्यासारखी. काही दाण्यांच्या पोटात काचेचा थेंब अडकलेला दिसतो, काहींना धुरकट कड असते. असे सगळे बाद. शंका आली की बाजूला काढलेल्या चाचणीच्या दाण्यांवर लवंगेचं तेल टाकून बघायचं. त्या तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप) १.५३ च्या आसपास, सॅनिडिनचा त्याहून किंचित कमी, क्वार्ट्झचा जास्त. फोकस वर उचलला की दाण्याच्या कडेची उजळ रेघ क्वार्ट्झमध्ये आत सरकते आणि सॅनिडिनमध्ये बाहेर पळते. ही रेघ दोन-चारदा बघितली की नजर तयार होते आणि मग तेलाशिवायही ओळखू येतं. वय काढायच्या दाण्यांना मात्र तेल लावायचं नाही, तेलाचे अंश पुढे मोजणीत आर्गॉनच्या वस्तुमानांपाशीच त्रास देतात.

वेचणीत मान आखडते, डोळे भरून येतात आणि दुपार संपते तेव्हा ताटलीच्या कोपऱ्यात चिमूटभरही माल नसतो. तरी मला याच कामाचा सगळ्यांत जास्त लळा लागला. सुमात्रातल्या ज्वालामुखीच्या पोटात वाढलेला स्फटिक, समुद्रावरून उडत जाऊन तळाला बसलेला, सोलापुरात माझ्या चिमट्याच्या टोकावर! हे मनात आलं की उठावंसं वाटायचं नाही.

निवडलेले दाणे ॲल्युमिनियमच्या पुडीत बांधून अणुभट्टीसाठी गेले. सोबत माहीत असलेल्या वयाचे दाणे जातात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोचं फिश कॅन्यन सॅनिडिन जगभर यासाठी वापरतात, त्याचं वय सुमारे २ कोटी ८२ लाख वर्षं धरतात. किती न्यूट्रॉन लागले याचं माप त्यावरून मिळतं. पुड्यांभोवती कॅडमियमचं वेष्टण असतं, ते नको असलेले मंद न्यूट्रॉन अडवतं. आमची राख तरुण, म्हणून मारा थोडा वेळच. दख्खनच्या बसाल्टसारख्या जुन्या खडकाला जास्त. मग किरणोत्सार ओसरेपर्यंत वाट बघणं. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेले. तिथे दाणे निर्वात कप्प्यात ठेवून लेझरने वितळवतात. निघालेल्या वायूतले नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड वगैरे वायू गेटर नावाचे धातूचे शोषक शोषून घेतात आणि उरलेला आर्गॉन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात जातो. आमच्या एका दाण्यात ७५ हजार वर्षांत साठलेला आर्गॉन म्हणजे फार तर एक-दोन कोटी अणू. कोटी हा आकडा मोठा वाटतो, पण हवेत जवळजवळ १ टक्का आर्गॉनच असतो आणि एका घन सेंटीमीटर हवेत त्याचे अणू याच्या अब्जावधी पट असतात. म्हणून आधी रिकाम्या कप्प्याची मोजणी, मग नमुना, मग परत रिकामी. हवेतून आलेला आर्गॉन-४० वजा करायला आर्गॉन-३६ चा आधार घेतात: हवेत या दोघांचं प्रमाण २९८.५६ असतं.

एवढ्या थोड्या वायूमुळे दाणे पाच-पाचच्या गटाने वितळवावे लागले. बहुतेक गटांची वयं, मोजणीतली संभाव्य त्रुटी धरून, ७४-७५ हजारांपाशी आली. एक गट मात्र २ लाखांच्या पुढे गेला. मी तिथेच कागदावर हिशेब मांडला. चार दाणे ७५ हजारांचे आणि एकच ८ लाखांचा असेल, तर सरासरी येते २ लाख २० हजार. एक परका दाणा, आणि वय तिप्पट! लाव्ह्याने जुन्या थरातला स्फटिक उचलला असेल किंवा तळाच्या किड्यांनी गाळ खालीवर केला असेल. तो गट बाजूला ठेवला, का ठेवला ते नोंदवलं, आणि त्याचा आकडाही तक्त्यात तसाच दिला.

बोरीच्या राखेचा वाद मला तेव्हा खरा समजला. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरीला राखेचा थर आहे आणि तिथे आदिमानवाची दगडी हत्यारं मिळालीत, त्यामुळे राखेच्या वयाला फार महत्त्व. १९८९ साली पोटॅशियम-आर्गॉनने ते १४ लाख आलं, १९९५ साली आर्गॉन-आर्गॉनने ६.७ लाख, आणि काचेच्या रासायनिक ओळखीवरून अनेक संशोधक ती शेवटच्या, ७५ हजार वर्षांपूर्वीच्याच स्फोटाची मानतात. आजूबाजूला सगळा दख्खनचा बसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. म्हणजे या राखेच्या जवळजवळ ९०० पट जुना. त्यातल्या फेल्डस्पारमध्ये पोटॅशियम कमी असलं, तरी त्याचे थोडे कण मिसळले की वय कुठल्या कुठे जातं. घाऊक नमुना घेऊन इथे भागणार नाही, दाणा न् दाणा बघूनच काम करावं लागेल, असं माझं मत आहे.

सध्या मी तिथलीच राख घेऊन बसले आहे. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, आणि भीमेवरच्या उजनीतून आपल्याकडे पाणी येतं, म्हणजे ही राख आपल्याच खोऱ्यातली. समुद्रातल्या नमुन्यापेक्षा हिच्यात काळे कण खूप जास्त आहेत. त्यामुळे या वेळी चुंबकाची पायरी दोनदा करते आहे आणि सॅनिडिन पुरेसं निघतंय का ते बघितल्याशिवाय अणुभट्टीसाठी अर्ज करणार नाही. कुणाला वेचणी शिकायची असेल तर लॅबमध्ये जरूर या, मायक्रोस्कोप दुपारनंतर मोकळा असतो.