दीपगृहांची वही: फ्रेझरबरा ते बॉडम

या खेपेला स्कॉटलंडचा ईशान्य किनारा घेतला, ॲबरडीनच्या वरचा. जून-जुलै मुद्दाम टाळले. तिकडे जूनमध्ये सूर्य मावळायलाच रात्रीचे दहा वाजून जातात, आणि भर उजेडात दीपगृह पाहून परत फिरायचं तर ते फोटोपुरतंच. झोत मोजल्याशिवाय, म्हणजे उजेड किती सेकंदांनी चमकतो ते घड्याळावर पाहिल्याशिवाय, दीपगृह ‘झालं’ असं मी धरत नाही, भांडायचं असेल तर भांडा. सप्टेंबरअखेर सातच्या सुमारास सूर्य बुडतो. दिवसा संग्रहालय आणि संध्याकाळी स्टॉपवॉच, दोन्ही आरामात जमतं.

फ्रेझरबराची प्रवासी रेल्वे १९६५ सालीच बंद झाली. ॲबरडीनहून बस मिळते, पण रॅट्रे हेडचं दीपगृहही करायचं असेल तर गाडीच हवी.

फ्रेझरबरातल्या किनेअर्ड हेडला अख्खी दुपार द्या. सोळाव्या शतकातली ही गढी, आणि तिच्या डोक्यावर १७८७ साली दिवा लागला. स्कॉटलंडची दीपगृहं सांभाळणाऱ्या नॉर्दर्न लाइटहाउस बोर्डाचा हा पहिलाच दिवा, व्हेलच्या तेलावर जळणारा. पुढे १८२४ मध्ये दीपगृहांचा अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सनने गढीच्या पोटातूनच नवा मनोरा वर काढला. १९९१ मध्ये शेजारी स्वयंचलित दिवा आला आणि जुना निवृत्त झाला. आता इथे स्कॉटिश दीपगृहांचं संग्रहालय आहे आणि गाइडबरोबर थेट वरपर्यंत चढता येतं.

पण खरा खजिना खाली, भिंगांच्या दालनात. फ्रेनेल भिंग फोटोत शंभरदा पाहिलेलं असतं, जवळून मात्र नजर हटत नाही. मधोमध फुगीर भिंग आणि त्याभोवती लोलकांची कडी, एकात एक. दिव्याचा वर-खाली सांडणारा उजेड ही कडी वळवून क्षितिजाच्या रेषेत आणतात. जुन्या काचेला कडेने बघितलं की हिरवट झाक दिसते. मधल्या भिंगातून पलीकडे पाहा, लांबची माणसं उलटी टांगलेली दिसतात. हेच भिंग उलट्या दिशेनेही काम करतं: दिवसा ऊन आत गोळा होऊन आग लागू नये म्हणून रखवालदार सकाळी कंदीलघराचे पडदे ओढून घेत. बारीकसं काम, पण चुकवून चालायचं नाही.

रॅट्रे हेडची वाट खडबडीत, पुढे वाळूचे डोंगर, आणि मग एकदम समुद्रातच उभा मनोरा. १८९५ चा. खालचा रुंद ग्रॅनाइटचा भाग धुक्यात वाजवायच्या भोंग्यासाठी आणि त्याच्या इंजिनांसाठी बांधलेला, म्हणून आकार असा बसका. ओहोटीला पायथ्यापर्यंत चालत जाता येतं. भरतीचं वेळापत्रक बघूनच निघा. आम्ही टेकाडावरूनच मोजलं: दर ३० सेकंदांना तीन झोत. मधला काळोख इतका लांबतो की बरोबरच्या मंडळींना वाटलं, दिवा बंदच पडला.

बॉडमचं बुखन नेस त्यामानाने सोपं. पूल ओलांडला की बेटावर. १८२७ चा मनोरा, लाल पट्टे १९०७ चे, दिवसा जहाजांना ओळखू यावा म्हणून. झोत दर ५ सेकंदांनी, स्टॉपवॉचला फार त्रास नाही. वेळ उरला तर जवळच बुलर्स ऑफ बुखनचे कडे आहेत, पण पफिन हे समुद्रपक्षी बघायचे तर मे ते जुलैच. म्हणजे माझ्या हंगामात ते नाहीतच. चालायचंच.

पुढचा नंबर लॉसीमथजवळच्या कोवसी स्केरीजचा. १८२६ च्या वादळात तिथल्या मरी फर्थ या आखातात सोळा जहाजं बुडाली, त्यानंतर मागणी लावून धरली गेली आणि १८४६ मध्ये ॲलन स्टीव्हन्सनचं हे दीपगृह पेटलं. २०१२ मध्ये विझलं. आता गावकऱ्यांच्या हाती आहे. विझलेल्या दिव्याचा झोत कसा मोजणार? मी त्याच्यासाठी वहीत वेगळा रकाना आखलाय, फक्त पायऱ्यांचा. तुम्ही अशांना धरता की नाही, तेवढं सांगा.