उपाशी पेशंट आणि दोन नकार

परदेशात नोकरीला निघालेल्या नर्सेसना मी ओईटी या परीक्षेसाठी इंग्रजी शिकवते. बोलण्याच्या भागात दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे. एकीने नर्स व्हायचं, समोरच्याने पेशंट. त्या दिवशी कार्डावर ऑपरेशनपूर्व तपासणी होती आणि पेशंट मी झाले होते, लंडनच्या पूर्व भागातला म्हातारा.

नर्स झालेली मुलगी वर्गातली सगळ्यात अनुभवी. तिने विचारलं, शेवटचं कधी खाल्लंत? मी म्हातार्‍याच्या बोलीत उत्तर दिलं, ‘आय एन्ट हॅड नथिंग सिन्स लास्ट नाइट.’ ती थांबली. पेशंटने काहीतरी खाल्लंय, डॉक्टरांना कळवते, म्हणाली. वर्गानेही माना डोलावल्या. का, तर ‘एन्ट’मध्ये एक नकार, ‘नथिंग’मध्ये दुसरा, वजा वजा अधिक.

दुसर्‍या फेरीत तिने स्वतःच्या सवयीचा प्रश्न टाकला, ‘यू हॅवन्ट ईटन एनिथिंग, हॅव यू?’ मी म्हटलं, ‘यस.’ तिने ‘उपाशी’वर बरोबरची खूण केली आणि पुढे गेली.

म्हणजे रिकाम्या पोटाचा माणूस परत पाठवला आणि भरल्या पोटाचा थिएटरात. भूल दिली की गिळण्या-खोकण्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया थांबतात, पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. म्हणून घन अन्न सहा तास आणि साधं पाणी दोन तास बंद, हे तिला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक. चूक ज्ञानाची नव्हतीच. दोन्ही वेळा ती नियमानेच चालली होती, पहिल्यांदा शाळेच्या आणि दुसर्‍यांदा मराठीच्या.

शाळेचा नियम आधी घेते. दोन नकारांचा होकार होतो हे प्रमाण, लेखी इंग्रजीचं गणित. बोलीत ते चालत नाही. लंडनच्या कामगारवस्तीत, अमेरिकेच्या दक्षिणेत, आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीत दुसरा नकार पहिल्याला नुसता दुजोरा देतो. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या काळात तर सगळेच एका वाक्यात दोन-तीन नकार सहज घालत. आपण ‘कुणीच काहीच बोललं नाही’ म्हणतो तेव्हा ‘च’ जसा नकाराला जोर देतो, तसाच तो ‘नथिंग’. माझे एक सहशिक्षक म्हणतात, ही अशिक्षितांची भाषा, वर्गात आणू नये. वॉर्डातला पेशंट व्याकरणाची परीक्षा देऊन दाखल होत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

मराठीचा नियम जास्त लपलेला आहे. आपल्या वॉर्डात विचारतात, ‘काही खाल्लं नाही ना?’ यावर पेशंट ‘हो’ म्हणाला तरी खाल्लेलं नाही, आणि ‘नाही’ म्हणाला तरी खाल्लेलं नाही. खाल्लं असेल तर त्याला क्रियापद वापरावं लागतं: ‘खाल्लं की थोडं.’ त्यामुळे अशा प्रश्नावर आलेला एकटा ‘हो’ मराठी कानाला निर्धास्त करतो. इंग्रजीत ‘यस’ प्रश्नाशी सहमत होत नाही, तो घडलेल्या गोष्टीला चिकटतो. ‘यस’च्या मागे ‘आय हॅव’च येणार, ‘नो’च्या मागे ‘आय हॅवन्ट’च. शिवाय समोरचा पेशंटही मराठी, गुजराती किंवा जपानी असू शकतो. मग त्याच्या ‘यस’चा अर्थ कोण लावणार?

म्हणून मी नकारार्थी प्रश्नच बंद केला. वाक्याच्या शेवटी ‘हॅव यू?’सारखा क्वेश्चन टॅगही नाही. ‘व्हेन डिड यू लास्ट ईट?’ आणि वेगळा प्रश्न, ‘व्हेन डिड यू लास्ट ड्रिंक एनिथिंग?’ वेगळा यासाठी की चहाला खाणं कुणी धरत नाही, आणि दूध घातलेला चहा साध्या पाण्यात मोडत नाही. उत्तरात घड्याळातली वेळ आली पाहिजे. ती आली की होकारार्थी वाक्यात परत म्हणायची: ‘सो, युअर लास्ट मील वॉज ॲट एट लास्ट नाइट.’

ड्यूटी बदलताना दिल्या जाणार्‍या निरोपातही हेच रडगाणं. ‘ऑल मेडिसिन्स आर नॉट गिव्हन’ यातून एकही दिलं नाही की काही राहिली, ते कळत नाही. दिलेल्यांची नावं सांगा, राहिलेल्यांची सांगा, ‘ऑल’ आणि ‘नॉट’ एका वाक्यात नकोत. ‘अन्टिल द डॉक्टर डज नॉट कम’ हे ‘जोपर्यंत येत नाहीत’चं सरळ रूप, ‘अन्टिल’मागे ‘नॉट’ लागत नाही. ‘एनी रिलेटिव्ह डिड नॉट कम’ म्हणजे ‘कुणीही आलं नाही’; इंग्रजीत ‘एनी’ नकाराच्या आधी बसत नाही, तिथे ‘नो रिलेटिव्ह केम’. आणि सगळ्यात महागात पडणारी जोडी: ‘यू मस्ट नॉट टेक इट विथ मिल्क’ म्हणजे घेऊ नका, ‘यू डोन्ट हॅव टू’ म्हणजे घ्यायलाच हवं असं नाही. ‘नये’ आणि ‘गरज नाही’ मराठीत कुणी गल्लत करत नाही, पण वर्गात दोन्हींना ‘मस्ट नॉट’च येतं. ‘नो सूनर दॅन’ची रूपांतरं मात्र याच मुली झोपेत करून देतात. बोर्डाला तेवढंच हवं असतं.

हे सगळं झाल्यावर तिने विचारलं, मग दोन नकार दिसले की नकारच समजायचा ना? तेही म्हणता येत नाही, आणि इथेच मी अजून अडकले आहे. ‘आय डिडन्ट ईट नथिंग’मध्ये ‘डिडन्ट’ सपाट गेला तर बोलीतला नकार. पण कुणी काहीच खाल्लं नाहीस म्हणून रागावलं आणि पेशंटने ‘नथिंग’वर ठासून जोर दिला, तर तो सांगतोय की अगदीच काही नाही असं नाही, थोडं खाल्लंय. फरक फक्त आवाजात. मास्कमागून किंवा फोनवर तो कानाला लागेलच असं नाही, आणि जोर ओळखायला शिकवण्याचा भरवशाचा सराव मला सापडलेला नाही. सध्या एवढंच सांगते: दोन नकार ऐकू आले की अर्थ लावू नका, वेळ विचारा.

आणि सौजन्याचे नकार वेगळेच. शेवटच्या फेरीत म्हातारा म्हणाला, ‘आय वुडन्ट से नो टू अ कप ऑफ टी.’ त्याला चहा हवा होता. मागच्या बाकावरच्या एकीने चार्टवर लिहून टाकलं, ‘पेशंट रिफ्यूज्ड टी’.