फ्लोरिडात रात्रीची मगर-शिकार: पाण्यात गळ टाकण्याआधी फुटाचा भाव लिहून घ्या

‘एकच दर, सगळं त्यात आलं’ असं गाईडने फोनवर सांगितलं होतं. हिशेबाला बसल्यावर दर फुटावर निघाला, आणि दहा फुटांची रेष ओलांडली की अख्खी मगर वरच्या भावात. जागा मध्य फ्लोरिडातली एक खासगी रँच: गुरांची तळी, त्यांना जोडणारे चर, काठाला माणूसभर पाणकणीस. तळी चांगली होती, मगरी भरपूर. गोम मेजर टेपमध्ये.

टेप पाठीवरून फिरवली की ती खवल्यांच्या उंचवट्यांवरून आणि पोटाच्या फुगवट्यावरून जाते, काही इंच फुकटात वाढतात. ९ फूट १० इंचांची मगर अशीच ‘दहाची’ होते. लांबी सरळ रेषेतच मोजायची. टणक, सपाट जागी मगर सरळ करा, नाकाच्या टोकाशी एक खुंटी, शेपटीच्या टोकाशी दुसरी, मगर बाजूला ओढा आणि खुंट्यांमधलं अंतर घ्या. चिखलात मोजू देऊ नका. पुष्कळ मोठ्या मगरींच्या शेपटीचं टोक तुटलेलं असतं. नसलेल्या शेपटीचेही पैसे लावतात, तेव्हा ‘असेल तेवढीच लांबी’ हे मेसेजवर कबूल करून घ्या. सोलणं, मांस कापून पॅक करणं, कातडं कमावणं, टिप यांचे आकडेही तिथेच मागा.

पाण्यातला अंदाज: डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत जितके इंच, साधारण तितके फूट. पण बॅटरीत चमकतात ते फक्त लाल डोळे. मगर आडवी होईपर्यंत थांबा, दुर्बीण लावा. समोरून बघून सांगितलेला आकडा म्हणजे थाप.

सार्वजनिक तळ्यांवर १५ ऑगस्ट ते १ नोव्हेंबर हा मोसम, सोडतीतून परवाना, एका परवान्याला दोन टॅग (एका टॅगवर एक मगर). खासगी जमिनीवर सोडत नसते. तिथल्या मगरींची पाहणी करून टॅग त्या जमिनीला मिळतात. टॅगचे नंबर निघण्याआधी बघा. गाईडबरोबर जाणाऱ्याला ५२ डॉलरचा एजंट परवाना लागतो, तो ‘पॅकेज’मध्ये धरलाय का, विचारा.

काठावरून पकडायचं तर आठ-दहा फुटी ताठ रॉड, ८० ते १०० पौंडी ब्रेडेड लाईन आणि तीन टोकांचा वजनदार गळ. गळ मगरीच्या पलीकडे फेका, सावकाश तिच्यावर आणा, मग झटका. चुकतं ते घाईमुळे: गळ पाणकणसात रुततो आणि लाईन तोडावी लागते. दोन-तीन जादा गळ ठेवाच. अडकलेली मगर तळाशी जाऊन दगडासारखी बसते. ओढाताण नको, ताण कायम ठेवा, बुडबुडे बघत राहा. वर आली की हार्पून (दोरी बांधलेला भाला), त्याच्या दोरीला तरंगतं बोय. दोरी कधीही हाताला गुंडाळू नका.

बँगस्टिक (टोक टेकताच काडतूस उडवणारी काठी) कवटीच्या मागच्या कडेला, रोख पुढे मेंदूकडे, आणि टोक पाण्याखाली. हवेत उडवलं तर तुकडे अंगावर येतात. अमेरिकेत एच-वनवर असणाऱ्या आपल्या मंडळींनी ती गाईडच्याच हातात राहू द्यावी, व्हिसाधारकांसाठी बंदूक-काडतुसांचे केंद्रीय नियम कडक आहेत. त्यानंतर जबडा दाबून इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी, आठ-दहा वेढे. जबडा मिटण्याची ताकद भयंकर, उघडण्याची किरकोळ, म्हणून पट्टी पुरते. मग मानेमागे सुरीने मज्जारज्जू तोडा आणि तिथून मेंदूत सळी घाला. ‘मेलेली’ मगर गाडीत उठते, ही अफवा नव्हे. टॅग लगेच, शेपटीच्या टोकापासून सहा इंचांच्या आत.

खरी परीक्षा शेवटच्या वीस पावलांची. काठचा काळा गाळ गुडघ्याच्या वर, आणि दहा फुटी मगर सहज अडीचशे पौंडांपुढे. दोघांनी ओढून हलत नाही. चार जण नाहीतर विंच असलेली गाडी, नसेल तर आठ फुटांवर समाधान माना. कोरड्यात बसायच्या आधी बॅटरी मारा: लाल मुंग्या.

बर्फ पोटाखालीही भरा. पट्ट्याला मऊ पोटाचं कातडं हवं की भिंतीवर खवल्यांची पाठ, हे पहिल्या कापाआधी सांगा. पोटातून चीर गेली की पट्टा गेला. कवटी पुण्याला न्यायची असेल तर सायटिसचा (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) निर्यात परवाना आधी. तो नसेल तर टेक्सासमधल्या भावाच्या गॅरेजातच राहू द्या.