पेनड्राइव्हवरच अख्खं वेब डेव्हलपमेंट, नवशिक्यांसाठी

वेब डेव्हलपमेंट शिकायला आलेल्या पोरांचा पहिला दिवस कशात जातो माहितीये? इन्स्टॉलेशनमध्ये. एकाचं झॅम्प (आपल्याच मशीनवर वेब सर्व्हर चालवायचं पॅकेज) चालू होत नाही कारण त्याला लागणारं पोर्ट 80 दुसरंच काहीतरी धरून बसलंय, एकाकडे अजून विंडोज 7 आहे, एकीचा लॅपटॉप भावाचा आणि ॲडमिन पासवर्ड भाऊ देत नाही, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये बसणाऱ्यांचं तर विचारूच नका, तिथे मशीन रिस्टार्ट झालं की टाकलेलं सगळं गायब. संध्याकाळपर्यंत एचटीएमएलची एक ओळ लिहून होत नाही आणि पोरांना वाटतं आपल्यालाच जमत नाहीये.

म्हणून मी आता बूट होणारा पेनड्राइव्हच हातात देते, म्हणजे मशीन विंडोजऐवजी थेट त्याच्यावरच्या लिनक्सवरून सुरू होतं. लावायचा, मशीन चालू करायचं, कोड लिहायचा. यात नवीन काही नाही म्हणा, क्लाउस क्नॉपर यांनी 2000 साली क्नॉपिक्स नावाचं लिनक्स काढलं तेव्हापासून सीडीवरून अख्खं लिनक्स चालतंय. फक्त शिकणाऱ्याच्या सोयीचं आपलं आपण बनवायला थोडा वेळ द्यावा लागतो.

मी डेबियन या लिनक्सचं लाइव्ह-बिल्ड वापरते, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी 'लाइव्ह' सिस्टीम बनवायचं टूल. एका फाइलीत पॅकेजची नावं लिहायची, दुसऱ्या फोल्डरमध्ये आपल्या सेटिंगच्या फाइली ठेवायच्या, बिल्ड कमांड द्यायची आणि चहा प्यायला जायचं, आलं की आयएसओ, म्हणजे पेनड्राइव्हवर उतरवायची अख्ख्या सिस्टीमची एक फाइल, तयार. लाइव्ह युजर दर बूटला नव्याने तयार होतो आणि त्याचं होम फोल्डर (त्याच्या स्वतःच्या फाइलींची जागा) ईटीसी-स्केल या नमुना फोल्डरमधून कॉपी होतं, त्यामुळे डेस्कटॉपवरचे आयकॉन, एडिटरची सेटिंग, नमुन्याचं प्रोजेक्ट हे सगळं स्केलमध्येच टाकायचं. एक सांभाळा, तिथे गिटमधलं (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) स्वतःचं नाव आणि ईमेल राहू देऊ नका, नाहीतर पूर्ण बॅचचे कमिट, म्हणजे त्या नोंदी, तुमच्या नावावर.

आत काय ठेवायचं यावर मात्र मी हट्टी आहे. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, फायरफॉक्स, कोड लिहायला व्हीएसकोडियम (4 जीबी रॅमवाल्यांसाठी जोडीला जीनी हा हलका एडिटर), गिट, जावास्क्रिप्ट चालवायला नोड, पीएचपी, डेटाबेसला एसक्यूलाइट. बस. डॉकर नाही, रिॲक्टचं टेम्प्लेट नाही, अपाचे हा नेहमीचा वेब सर्व्हरसुद्धा नाही. पीएचपीचा स्वतःचा छोटा सर्व्हर 5.4 पासून आतच आहे आणि शिकायला तो पुरतो, शिवाय अपाचेच्या व्हीएआर-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरच्या परमिशनची कटकट वाचते. डेस्कटॉपवर एकच बटण ठेवलंय, दाबलं की प्रोजेक्ट उघडतं, सर्व्हर चालू होतो आणि फायरफॉक्समध्ये पान दिसतं. लोहित देवनागरी फॉन्ट आणि मराठी कीबोर्ड आधीच घातलेले, कारण स्वतःचं नाव मराठीत स्क्रीनवर उमटलं की पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते 'हॅलो वर्ल्ड'ने येत नाही.

आता खरी गंमत पर्सिस्टन्सची, म्हणजे केलेलं काम टिकवण्याची. लाइव्ह सिस्टीम कॉम्प्रेस केलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलीतून चालते आणि वर केलेले बदल रॅममध्ये राहतात, बंद केलं की गेले. ते टिकवायचे तर ड्राइव्हवर उरलेल्या जागेवर ईएक्सटी4 (लिनक्सचा फॉरमॅट) पार्टिशन करायचं, त्याला 'पर्सिस्टन्स' हेच लेबल द्यायचं, आत पर्सिस्टन्स डॉट कॉन्फ नावाची फाइल ठेवायची आणि बूट करताना पर्सिस्टन्स हा पर्याय द्यायचा. नेटवर बहुतेक जण त्या फाइलीत अख्खी सिस्टीम टिकवायची ओळ लिहायला सांगतात. मी नाही लिहीत. मी फक्त होम फोल्डर टिकवते आणि नेटवर्क मॅनेजरचं कनेक्शनचं फोल्डर, म्हणजे वायफायचा पासवर्ड रोज टाकायला नको. बाकी सिस्टीम दर वेळी कोरी. पोरांनी सूडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून त्या सिस्टीममधलं काहीही उडवू दे, रिस्टार्ट केलं की सगळं जागेवर आणि त्यांचा कोडही शाबूत. मोडायची भीती नसली की पोरं टर्मिनल बिनधास्त वापरतात, हे मला ॲप्टने (डेबियनमध्ये सॉफ्टवेअर टाकायची कमांड) टाकलेलं टिकण्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

स्वस्त पेनड्राइव्ह घेऊन मात्र पैसे वाचवू नका. पाकिटावरचा स्पीड मोठी फाइल सलग वाचायचा असतो, आणि आपलं काम नेमकं उलट. नोडची पॅकेजं आणायला एनपीएम इन्स्टॉल म्हटलं की नोड-मोड्यूल्स फोल्डरमध्ये हजारो बारक्या फाइली लिहिल्या जातात आणि तिथे साधा पेनड्राइव्ह अक्षरशः गुडघे टेकतो, माउससुद्धा अडकतो. त्यापेक्षा कुणाच्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेली 120 जीबीची एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घाला, फरक लगेच दिसतो. आणि एका ड्राइव्हची इमेज करून सगळ्यांवर उतरवायचा मोह होतो, पण 16 जीबी लिहिलेले सगळे ड्राइव्ह सारख्या मापाचे नसतात, थोडा लहान निघाला की इमेज मावतच नाही. आयएसओ सगळ्यांना एकच द्या, पर्सिस्टन्सचं पार्टिशन ज्याच्या त्याच्या ड्राइव्हवर स्क्रिप्टने करा.

बूट मेनूचं बटण, म्हणजे मशीन कुठल्या ड्राइव्हवरून सुरू करायचं ते निवडायचं, ही पोरांची सगळ्यात मोठी अडचण. डेलला एफ12, एचपीला एफ9, आसूसला एस्केप, एसरला एफ12 पण ते आधी बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंगमधून) चालू करावं लागतं. लॅबमध्ये बायोसला पासवर्ड असतो, तिथल्या सरांना आधीच विचारून ठेवा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद करायची गरज नाही, डेबियन 10 पासून त्याची सोय आहे, आणि उगाच बंद केलं तर बिटलॉकरवाला, म्हणजे विंडोजने डिस्क एन्क्रिप्ट केलेला लॅपटॉप विंडोजमध्ये जाताना 48 आकडी रिकव्हरी की मागतो, मग घरी काय उत्तर देणार?

'ताई, माझं विंडोज गेलं का?' हा प्रश्न तर पहिल्या बूटला येतोच. नाही गेलं. पण दोन गोष्टी आधीच सांगून टाका. एक, हाच ड्राइव्ह विंडोजमध्ये लावला की 'फॉरमॅट करायचं का' असं विचारतं, कारण ईएक्सटी4 त्याला कळत नाही. तिथे नाही म्हणायचं, हो म्हटलं की कोड गेला. दुसरं घड्याळाचं. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं, मग इथे साडेपाच तास पुढे दिसतं आणि नेटवरून दुरुस्त झालं की तिकडे विंडोज साडेपाच तास मागे. ईटीसीमधल्या ॲडजटाइम फाइलच्या तिसऱ्या ओळीत कॅपिटलमध्ये 'लोकल' लिहून ती फाइल बिल्डमध्येच टाकली की हा त्रास मिटतो.

अपडेटचं अजून मनासारखं जमलेलं नाही. नवीन आयएसओ थेट ड्राइव्हवर लिहिला की पार्टिशन टेबलच बदलतं आणि पर्सिस्टन्स परत करावं लागतं, म्हणून त्याआधी सगळ्यांना गिट पुश (कोड ऑनलाइन चढवणं) करायला लावते (तसाही पेनड्राइव्ह हरवतोच कुणाचातरी). पुढच्या बॅचला बूट ड्राइव्ह बनवायचं व्हेंटॉय हे टूल वापरायचा विचार आहे, त्यात आयएसओ नुसती कॉपी केलेली फाइल असते आणि पर्सिस्टन्स वेगळ्या फाइलीत, म्हणजे अपडेट म्हणजे फक्त एक फाइल बदलणं. सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्या वेळी निळी स्क्रीन येऊन व्हेंटॉयची 'की' एनरोल करायला, म्हणजे मशीनमध्ये नोंदवायला सांगते, ते प्रत्येकाच्या लॅपटॉपवर शेजारी बसून एकदा करून घ्यावं लागेल, आणि भावाचा लॅपटॉप असेल तर आधी भावाला विचारून.