कार निकोबारचा नाताळ मेळावा

माझ्या पतींची हवाई दलातून कार निकोबारला बदली झाली, तेव्हा नकाशावर ते बेट शोधायला आम्हाला भिंग घ्यावे लागले होते. पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेस सुमारे २७० किलोमीटरवर, जेमतेम सव्वाशे चौरस किलोमीटरचे ते सपाट बेट; सगळीकडे माड, आणि आदिवासींच्या संरक्षणासाठी १९५६ मध्ये झालेल्या नियमांमुळे बाहेरच्या माणसाला परवान्याविना तिथे पाऊल ठेवायची मुभा नाही. नगरच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर भजने म्हणत वाढलेल्या मला इतक्या दूर आपले असे काही भेटेल, ही आशाच नव्हती. पण पहिल्याच रविवारी मलाक्का गावातील उपासनेला गेले आणि मुलांचे चार आवाजांतले गाणे ऐकून दाराशीच उभी राहिले. त्यानंतरची तीन वर्षे मी त्यांच्या संडे स्कूलची, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गाची, ‘टीचर’ होते, आणि त्या तीन वर्षांतले तीन नाताळ मेळावे आजही माझ्यासमोर जसेच्या तसे उभे आहेत.

तयारी नोव्हेंबरातच सुरू होई. गीतपुस्तके मोजकीच होती आणि समुद्राच्या दमट हवेने त्यांची पाने फुगून वेडीवाकडी झाली होती, म्हणून प्रत्येक पुस्तक फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलेले असे. निकोबारी भाषा रोमन लिपीत लिहितात. मुले ती झरझर वाचत; मला मात्र उच्चार साधत नसत, म्हणून मी प्रत्येक गाणे देवनागरीत उतरवून घेऊ लागले. मी चुकीचा उच्चार केला, की पुढच्या बाकावरची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी हळूच माझ्या वहीवर बोट ठेवी आणि तो शब्द तीनदा म्हणून दाखवी. तिला देवनागरी शाळेतल्या हिंदीमुळे येत होती. त्यामुळे माझी चूक नेमकी कोणत्या अक्षरात आहे, हेही तिला बरोबर कळे.

मेळावा भरायचा समुद्रकाठच्या ‘एल-पनाम’वर. एल-पनाम म्हणजे साऱ्या गावाची सामाईक जागा. खर्चाची जबाबदारी ‘तुहेतां’नी वाटून घेतलेली असे. तुहेत हे तिथले एकत्र कुटुंब; जमीन, माड, डुकरे सारे त्याच्या सामाईक मालकीचे. कोणत्या तुहेताने डुक्कर द्यायचे, कोणी नारळ, कोणी जळण, हे गावचे कॅप्टन ठरवत (गावच्या प्रमुखाला तिथे कॅप्टनच म्हणतात). शाळेचे म्हणून कोणाकडे वेगळी वर्गणी मागितल्याचे मी कधी पाहिले नाही. मुले गावाची, म्हणून मेळावाही गावाचा.

गाण्यांनंतर एक वयोवृद्ध धर्मशिक्षक उभे राहत आणि दरवर्षी तीच कथा सांगत. ती निकोबारीत असे. माझ्यासाठी मधूनमधून हिंदीचा एखादा तुकडा येई. अठराव्या शतकात मोरावियन या युरोपीय प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी या द्वीपसमूहात आले, तापाने एकामागून एक गेले आणि अखेर उरलेले परतले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वेदप्पन सॉलोमन हे तमिळ धर्मशिक्षक कार निकोबारवरच्याच मूस गावी आले, त्यांनी शाळा उघडली आणि काही मुलांना शिकायला ब्रह्मदेशात पाठवले. ‘त्यांतला एक मुलगा कोण?’ असे म्हणून ते थांबत, आणि सारी मुले एका सुरात ओरडत, ‘जॉन रिचर्डसन!’ मूसचाच तो मुलगा परत येऊन शिक्षक झाला. रिचर्डसन यांनी मुलांना फुटबॉलची गोडी लावली आणि बायबलमधल्या नव्या कराराचे निकोबारीत भाषांतर केले. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी अंमलात बेटावर भीषण अत्याचार झाले, रिचर्डसन यांच्या मुलालाही मारण्यात आले. हा भाग सांगताना त्या वृद्ध धर्मशिक्षकांचा आवाज खाली येई. १९५२ मध्ये रिचर्डसन पहिल्या लोकसभेचे नियुक्त सदस्य झाले, १९६६ मध्ये अंदमान-निकोबारचे पहिले बिशप झाले, १९७५ मध्ये पद्मभूषण मिळाले, ही माहिती मुलांना पाढ्यांसारखी पाठ होती. आमच्या वेळी त्यांना जाऊन दहा-बारा वर्षे झाली होती, तरी गावात त्यांच्याविषयी बोलताना सगळे वर्तमानकाळच वापरत.

त्यानंतर सर्वांत लहान मूल येशूच्या जन्मकथेचा उतारा वाचत असे, आणि माझ्या मते मेळाव्याचा खरा गाभा तोच होता. एका वर्षी तो मान सहा वर्षांच्या मुलाला मिळाला. समोर त्याची आजी बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण तिने मांडीवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून धरले होते आणि नातू पुढे जाईल तसतसे तिचे बोट ओळीवरून सरकत होते. ओळ चुकीची होती. मी काही बोलले नाही. कोणीच बोलले नाही.

दुपारी मग जमिनीत रोवलेल्या टोकदार काठीवर नारळ सोलण्याची शर्यत, अनवाणी फुटबॉल आणि केवड्याच्या जातीच्या फळाचा शिजवून, तंतू काढून केलेला गोडसर गर. त्या गराची चव इथे कशालाच नाही. बेटाला गरीब म्हणतात. रोख पैसा हातात येई तो खोबऱ्याचाच, आणि वही-पेन्सिल पोर्ट ब्लेअरच्या बोटीतून यायची, हे खरे आहे. दुसऱ्या वर्षी समुद्र खवळल्याने बोट अडली आणि बक्षिसांच्या वह्या नाताळ उलटल्यावर पोहोचल्या. मुलांनी त्यासाठी मूसच्या धक्क्यावर जाऊन पुन्हा सगळी गाणी म्हटली, आणि वह्या तिथेच वाटल्या. मला तो मेळावा मूळ मेळाव्याहून अधिक प्रिय आहे.

आम्ही नगरला परतलो. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी, नाताळच्या रात्रीची गाणी जेमतेम थांबली असताना, समुद्र कार निकोबारच्या किनाऱ्यावरील गावांवर चालून आला. मलाक्का वाहून गेले. हवाई तळावरचे शंभराहून अधिक जवान आणि त्यांचे कुटुंबीय गेले. वाचलेल्या लोकांनी पुढे आतल्या उंच भागात घरे बांधली.

माझ्या देवनागरी गाण्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर गायनसंघाची हजेरी आहे. एकतीस नावे, प्रत्येकासमोर तालमीच्या बरोबरच्या खुणा; काही नावांपुढे ‘उशिरा’ असे माझ्याच अक्षरात लिहिलेले. दरवर्षी २६ डिसेंबरला पहाटे मी ती वही उघडते, एकतीसही नावे मोठ्याने वाचते आणि मग पहिले गाणे म्हणते, त्या मुलीने शिकवलेल्या उच्चारांत.